‘केवळ वाङ्मयीन’ या शब्दांची हद्द : पोलीस, राजकारण आणि लेखन

‘कामाची वेळ संपली’ अशी अवस्था भारतीय पोलीस कायद्याला ठाऊकच नाही. १८६१ च्या पोलीस अधिनियमाचे बाविसावे कलम प्रत्येक पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर आहे असे मानते. आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५१ च्या मुंबई अधिनियमानेही अठ्ठाविसाव्या कलमात तेच गृहीत धरले आहे. शिपाई गणवेश खुंटीला अडकवतो, घरी जेवायला बसतो, गावच्या जत्रेला जातो. कायद्याच्या दृष्टीने तो पहाऱ्यावरच असतो. त्यामुळे पोलिसाने फावल्या वेळात राजकारण करावे की नाही, या प्रश्नाचा विचार करताना घड्याळाचा उपयोग होत नाही. नागरिक या नात्याने त्या माणसाजवळ काय शिल्लक राहते, हेच पाहावे लागते.

मत शिल्लक राहते. परंतु १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२९ नुसार ते मत कोणाला द्यावे अगर देऊ नये, हे दुसऱ्या मतदाराला पटवून देण्याचा प्रयत्न पोलिसाला करता येत नाही. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांना लागू असलेले १९६८ चे वर्तणूक नियम तर स्वतःच्या अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे हेदेखील प्रभाव पाडणे समजतात.

या निर्बंधांचे घटनात्मक मूळ अनुच्छेद ३३ मध्ये आहे. सशस्त्र दले आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्यापुरते मूलभूत हक्क कितपत संकुचित करावेत, हे ठरविण्याचा अधिकार त्याने संसदेला दिला; प्रयोजन दोनच, कर्तव्याचे यथोचित पालन आणि शिस्त. या अनुच्छेदाचा एक उपयोग अनपेक्षित होता. बिहारच्या सरकारी नोकरांना निदर्शने करण्यास बंदी घालणारा नियम १९६२ साली कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने याच अनुच्छेदाच्या आधारे उलटा निष्कर्ष काढला : घटनेने काही विशिष्ट सेवांचाच निराळा उल्लेख केला, त्याअर्थी बाकीचे सरकारी नोकर नोकरीत शिरताना आपले हक्क दाराबाहेर ठेवून येत नाहीत. संपाचा हक्क मान्य झाला नाही, पण निदर्शनांवरील सरसकट बंदी रद्द झाली. कारकुनाला मोकळीक देणाऱ्या या युक्तिवादाने शिपायाचे अपवादस्थान मात्र अधिकच पक्के केले.

संसदेने हा अधिकार पोलिसांच्या बाबतीत १९६६ साली वापरला. त्या वर्षीचा पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) अधिनियम पूर्वसंमतीवाचून कामगार संघ अथवा राजकीय संघटना यांचे सदस्यत्व निषिद्ध ठरवतो, राजकीय हेतूने भरविलेल्या सभेत बोलण्यास किंवा निदर्शनात भाग घेण्यास मनाई करतो आणि उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगतो. दिल्लीच्या अराजपत्रित पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघाला त्याच वर्षी मिळालेली मान्यता १९६७ मध्ये काढून घेण्यात आली. त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली फेटाळला आणि अधिनियम वैध ठरवला. दरम्यान मुंबईने हाच संघर्ष रस्त्यावर पाहिला होता. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी शिपायांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला राज्य सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक झाली, आणि उसळलेला दंगा शमविण्यासाठी सैन्य बोलवावे लागले.

निर्बंधामागील तर्क हलका नव्हे. ज्या हाताने एका पक्षाचा झेंडा सकाळी धरला, तोच हात संध्याकाळी दुसऱ्या पक्षाच्या सभेपुढे लाठी घेऊन उभा राहिला, तर त्याच्या निःपक्षपातावर कोण विश्वास ठेवील? पण वेतन, निवासस्थान, रजा यांविषयी गाऱ्हाणे मांडणाऱ्या संघटनेला आणि निवडणूक लढविणाऱ्या पक्षाला एकाच कलमात बसविताना हा तर्क ताणला गेला आहे, हेही दिसल्यावाचून राहत नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला याच कलमातील आणखी एक उपखंड विशेष विचार करायला लावणारा आहे. पोलिसाने वृत्तपत्रांशी संपर्क साधू नये, पुस्तक, पत्र वा अन्य लेख प्रसिद्ध करू नये, असे सांगून तो एक वाट उघडी ठेवतो : लेखन प्रामाणिकपणे बजावलेल्या कर्तव्याचा भाग असेल किंवा ‘केवळ वाङ्मयीन, कलाविषयक अथवा शास्त्रीय स्वरूपाचे’ असेल, तर संमतीची गरज नाही. सभेत बोलायला बंदी, कादंबरीत बोलायला मुभा. सगळा भार ‘केवळ’ या एका शब्दावर येऊन पडतो. काव्यशास्त्रात शतकानुशतके वाद होऊनही जी रेषा कोणाला निर्विवादपणे आखता आली नाही, ती येथे विधिमंडळाने एका विशेषणात आखली आहे.

पोलीस लेखकांची परंपरा या कायद्याहून जुनी आहे. कलकत्त्याच्या गुप्तचर विभागातील प्रियनाथ मुखोपाध्याय यांच्या ‘दारोगार दप्तर’चे प्रकाशन १८९२ पासून सुरू झाले. गुन्ह्याचा माग काढणाऱ्या कथा वसाहतकालीन सत्तेलाही अडचणीच्या वाटण्याचे कारण नव्हते. तपास हाच नायक असला की शासन सुखात असते. विभूतिनारायण राय यांच्या ‘शहर में कर्फ्यू’ या हिंदी लघुकादंबरीची गोष्ट निराळी. उत्तर प्रदेश पोलिसांत अधिकारी असताना लिहिलेल्या या कृतीत दंगलग्रस्त शहरातील संचारबंदी गरीब मुसलमान वस्तीच्या बाजूने दिसते आणि पोलिसांचा पक्षपात झाकला जात नाही. ती वाङ्मय आहे यात शंका नाही. पण ‘केवळ’ वाङ्मय आहे काय? तिच्यावर बंदी घालण्याची मागणी करणाऱ्यांनी तिचे वाचन राजकीय विधान म्हणूनच केले, आणि त्यांचे वाचन चुकीचे म्हणता येत नाही, मागणी अयोग्य असली तरी. (हेच लेखक पुढे २००८ ते २०१३ या काळात वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले.) तमिळमध्ये पोलीस सेवेतील तिलकवती यांच्या ‘कल्मरम्’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बांधकाम मजुरांच्या जीवनावरील ती कादंबरी राज्यसंस्थेने गौरविली. त्याच मजुरांच्या संघाच्या सभेत लेखिकेला भाषण करता आले असते काय, याचे उत्तर १९६६ च्या अधिनियमात स्पष्ट आहे.

आणखी एक बारकावा मजकुरातच आहे. एखादी संस्था केवळ सामाजिक, मनोरंजनपर किंवा धार्मिक आहे की नाही असा वाद निघाल्यास केंद्र सरकारचा निर्णय अंतिम राहील, असे स्पष्टीकरण त्याच कलमाला जोडलेले आहे. लेखन केवळ वाङ्मयीन आहे की नाही, याविषयी असे स्पष्टीकरण नाही. भजनी मंडळाचे स्वरूप सरकार ठरवील. कादंबरीचे कोणी ठरवावे, हे मसुदाकारांनी लिहिलेले नाही. व्यवहारात तो निर्णय प्रथम वरिष्ठ अधिकाऱ्याच्या टेबलावर होतो, आणि लेखकाला तो मान्य नसेल तर न्यायालयाचा दरवाजा त्याला खुला राहतो.