लग्नासाठी लेन्स भाड्याने घेताना

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. मंडणगड तालुक्यातील आपल्या कुटुंबांना तर लग्न दोन ठिकाणांहून करावे लागते. निम्मे घर मुंबईत नोकरीला, निम्मे गावी. एप्रिल-मे महिन्यांत सुट्टी काढून चाकरमानी गावी येतात, वाडीत मांडव पडतो आणि चार दिवसांत सगळे उरकून पुन्हा मुंबईची एस. टी. धरायची असते. अशा वेळी फोटोवाल्याचा खर्च ऐकून यजमानाचे डोळे पांढरे होतात. मग घरातलाच कोणी भाचा किंवा पुतण्या पुढे होतो. ‘माझ्याकडे कॅमेरा आहे. एक चांगली लेन्स दोन दिवस भाड्याने आणली की काम होईल,’ असे तो म्हणतो. विचार चांगला आहे. परंतु कोणती लेन्स आणायची हे नीट ठरले नाही, तर भाडेही जाते आणि फोटोही जातात. लग्न काही पुन्हा लावता येत नाही.

आधी फोटो ठरवा, मग लेन्स

दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या थोरामोठ्यांनी एकत्र बसून कोणते फोटो हवेतच, याची यादी करावी. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा एक कौटुंबिक फोटो आपल्या बहुतेक घरांत पाहिलेला असतो. त्यात यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव एका रांगेत आहेत. लाडका कुत्राही आहे. फोटोत थाटमाट काही नाही, पण प्रत्येकाचा चेहरा ओळखता येतो. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच मंडणगड तालुक्यातले, तर रमाईंचे माहेर वणंद शेजारच्या दापोली तालुक्यातले. त्या फोटोनंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. आज नव्वद वर्षांनंतरही आपण त्यांना पाहतो ते अशा मोजक्या फोटोंमुळे.

आपल्या घरीही तसेच असते. वयाची ऐंशी उलटलेली आजी, आजारातून उठून आलेला चुलता, वीस वर्षांनी गावी आलेली आत्या ही माणसे पुढच्या लग्नात असतीलच असे नाही. म्हणून यादीत पहिली माणसे ती. त्यानंतर विधीचे चार-पाच क्षण, आणि मग दोन्हीकडच्या मंडळींचे गट. विवाह नोंदणीच्या वेळीही लग्नपत्रिकेबरोबर विधीचा फोटो लागतो, तेव्हा वधू-वरांनी एकमेकांना हार घालतानाचा एक फोटो स्वच्छ हवाच.

लेन्सवरचे दोन आकडे

लेन्सवर दोन प्रकारचे आकडे असतात. पहिला मिलिमीटरचा. आकडा लहान असेल तर जवळून पुष्कळ माणसे मावतात. मोठा असेल तर लांबचे जवळ दिसते, पण थोडेच मावते.

घराघरांत असतो तो साधारण लहान सेन्सरचा कॅमेरा. त्याचा हिशेब असा: दहा माणसे खांद्याला खांदा लावून उभी केली तर रांग सुमारे सोळा फूट होते. ५० मि.मी.च्या लेन्समध्ये ही रांग घ्यायला फोटो काढणाऱ्याला सुमारे पस्तीस फूट मागे जावे लागते. २४ मि.मी.ला सोळा-सतरा फूट पुरतात आणि १८ मि.मी.ला बारा-तेरा. आता आपले अंगण डोळ्यांसमोर आणा. मांडवाचे खांब, खुर्च्या, जेवणाची पंगत आणि पलीकडे गडगा. पस्तीस फूट मागे जायला जागा कुठे आहे?

दुसरा आकडा ‘एफ’चा, म्हणजे उजेडाचा. हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर येते. एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट उजेड घेते, तर एफ १.८ ची जवळजवळ दहापट. कौलारू घरात, माजघरात किंवा विहाराच्या लहान खोलीत याचा फरक कळतो. साध्या लेन्सला जिथे सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, तिथे हार घालणारा हात पुसट होतो. एफ २.८ ला तेच काम साठाव्या भागात होते.

‘फ्लॅश आहे ना,’ असे कोणी म्हणेल. फ्लॅशचा उजेड वर फेकून चेहऱ्यावर मऊ पाडायचा तर पांढरे, बुटके छत लागते. काळवंडलेल्या कौलांवरून तो परत येत नाही. समोरून मारला तर चेहरे पांढरेफटक दिसतात आणि त्रिशरण-पंचशील चालू असताना डोळ्यांवर सारखा लखलखाट बरा वाटत नाही.

मग घ्यावी कोणती?

एकच लेन्स घ्यायची तर लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला १७-५० किंवा १७-५५, एफ २.८ ही सर्वांत उपयोगी. गट, विधी आणि जवळचे चेहरे सगळे तिच्यात होते. बरेच जण ‘२४-७० आण’ असा सल्ला देतात. ती उत्तम लेन्स आहे, पण मोठ्या सेन्सरच्या म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्याला. लहान कॅमेऱ्यावर तिच्यात अंगणातला गट मावणे कठीण.

खर्च आणखी कमी करायचा असेल तर दिवसा उजेडात गटांसाठी घरचीच १८-५५ वापरावी आणि घरातल्या विधीसाठी ३५ किंवा ५० मि.मी.ची एफ १.८ भाड्याने आणावी. खोली लहान असेल तर ३५ बरी. मात्र जोडप्याचा फोटो काढताना ती पूर्ण उघडू नये. नवरदेव स्पष्ट आणि एक पाऊल मागे असलेली नवरी पुसट, असे होते. दोघांसाठी एफ ४ आणि दोन रांगांच्या गटासाठी एफ ८ ठेवावा.

७०-२०० ची मोठी लेन्स पाहून लोक ‘फोटोवाला मोठा आहे’ म्हणतात. पण तिचे वजन दीड किलोच्या आसपास, भाडे आणि अनामत रक्कम जास्त, आणि वाडीतल्या मांडवात लांबून फोटो काढायला गेले की मध्ये दहा डोकी येतात. आपण घरचीच माणसे आहोत, बौद्धाचार्यांची परवानगी घेऊन जवळ उभे राहू शकतो. दिमाखासाठी पैसे घालू नयेत.

दुकानात काय पाहावे

मंडणगडच्या लग्नासाठी लेन्स बहुधा मुंबईहूनच न्यावी लागेल. ती घेताना पुढील गोष्टी विसरू नयेत:

१. स्वतःचा कॅमेरा बरोबर न्यावा. कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही. निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या कॅमेऱ्यांवर जुन्या काही लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. कॅननची नवी आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरला लागत नाही.

२. लेन्समधून टॉर्च मारून पाहावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. दमट हवेत ती लवकर धरते. अशी लेन्स घेऊ नये.

३. दुकानातच पाच-दहा फोटो काढून मोठे करून पाहावेत. ओरखडे असतील तर दुकानदारासमोर पावतीवर लिहून घ्यावेत, नाहीतर ते आपल्या नावावर पडतात.

४. भाडे दिवसावर असते. शुक्रवारी संध्याकाळी नेऊन सोमवारी परत दिली तर किती दिवस धरणार, हे आधी विचारावे. अनामत रक्कम कधी परत मिळणार, तेही विचारावे.

५. लग्नाच्या दिवशीच ती प्रथम हातात घेऊ नये. आदल्या दिवशी हळदीत हात बसवून घ्यावा. कोकणातली लाल धूळ फार, म्हणून मांडवात लेन्स बदलत बसू नये.

विधीच्या वेळी

आपला मंगल परिणय विधी आटोपशीर असतो. पूजन, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार, फुलांचा वर्षाव. सगळे अर्ध्या-पाऊण तासात होते. कोणत्या क्षणाला कोठे उभे राहायचे हे बौद्धाचार्यांना आधीच विचारून ठेवावे.

वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत असतात, हेही लक्षात ठेवावे. पुष्कळ पांढरे दिसले की कॅमेरा फोटो काळा करतो आणि सावळे चेहरे आणखी काळवंडतात. म्हणून उजेडाचे माप चेहऱ्यावर घ्यावे, किंवा एक्स्पोजर थोडे वाढवावे. मांडवाचे कापड निळे-लाल असेल तर तो रंग चेहऱ्यांवर उतरतो. गटफोटो मांडवाबाहेर, सावलीत घ्यावेत. वृद्धांना मधोमध खुर्चीवर बसवावे. लहान मिलिमीटरच्या लेन्समध्ये कडेची माणसे ताणली जातात, तिथे तरुणांना उभे करावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, यादीतल्या वडीलधाऱ्यांचे फोटो जेवणाच्या गडबडीपूर्वीच उरकावेत. पंगत उठली की आजी घरात जाऊन पडते आणि मुंबईचे पाहुणे गाडी गाठायला निघतात. परत आल्यावर फोटो मोबाईलमध्येच ठेवू नयेत. निदान आजीचा आणि दोन्ही घरांच्या गटाचा फोटो कागदावर छापून एक प्रत गावी, एक मुंबईला भिंतीवर लावावी. लेन्स दोन दिवसांनी दुकानात परत जाते, फोटो मात्र नातवंडांपर्यंत राहतो.