शहराची वेस आणि खाडीपलीकडची आगगाडी

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास जाऊन थांबली. मुंबईची वेस तिनें पहिल्याच दिवशीं ओलांडली. महापालिकेची हद्द मात्र फार सावकाश सरकत गेली. १९५० सालीं ती जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आली, आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंड येथें येऊन जी थबकली ती आजही तेथेंच आहे. ठाणें, कल्याण, डोंबिवली, वसई, पनवेल येथून लक्षावधि माणसें रोज सकाळीं या हद्दीच्या आंत येतात आणि सायंकाळीं बाहेर जातात. त्यांचें घर एका नगरसंस्थेच्या अंमलाखालीं, नोकरी दुसरीच्या, आणि त्यांना वाहून नेणारी लोकल थेट दिल्लीच्या सत्तेखालीं. चाकरमान्याचा दिवस एकच असतो. पण त्याचा कारभार असा तीन घरीं वांटलेला आहे.

मुंबई दक्षिणेकडे निमुळती होत जाते. कचेऱ्या त्या टोंकाला, आणि वस्ती उत्तरेला वाढत गेलेली. त्यामुळें सकाळच्या गाड्या एकाच दिशेनें ओसंडून वाहतात. यावर नुसत्या गाड्या वाढवून भागत नाहीं. कांहीं नोकऱ्याच खाडीपलीकडे नेल्या पाहिजेत, ही गोष्ट जाणत्यांच्या ध्यानीं लौकरच आली होती. मोडक व मेयर यांनीं १९४८ सालीं बृहन्मुंबईची रूपरेषा मांडली, तेव्हांच शहराचा विचार त्याच्या परिसरासह करावा लागतो हें दिसून आलें. स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटानें १९५९ सालीं ठाण्याच्या खाडीवर मोटारी आणि आगगाडी या दोहोंसाठीं पूल बांधण्याची शिफारस केली. पुढें धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनें सबंध प्रदेशाची एकत्र योजना सुचविली, आणि १९६६ सालीं तसा कायदाही झाला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडे जोडशहर वसविण्याची कल्पना याच सुमारास मांडली. १९७० सालीं ‘सिडको’ स्थापन झाली, आणि ९५ गांवांच्या सुमारें ३४४ चौरस किलोमीटर भूमीवर नव्या मुंबईची आंखणी सुरू झाली.

येथपर्यंत सारें यथासांग झालें. अडलें तें पुढेंच. १९७३ सालीं पूल खुला झाला तो केवळ मोटारींसाठीं. रेल्वेचें म्हणणें असें, कीं जेथें माणसेंच नाहींत तेथें रूळ कशाला टाकावयाचे? आणि माणसें म्हणत, जेथें गाडी नाहीं तेथें बिऱ्हाड कशाला करावयाचें? दोघांचेंही आपापल्या जागीं बरोबर होतें, आणि म्हणूनच हा पेंच वर्षानुवर्षें सुटेना. मोटार बाळगणें ज्याला परवडे त्याला पूल उपयोगी पडला. परळच्या गिरणींतल्या जोडार्‍याला तो नसल्यासारखाच. बरें, सरकारनें तरी आपलीं मुख्य कार्यालयें पलीकडे न्यावीं, तर तीं जेथल्या तेथेंच राहिलीं, आणि नरिमन पॉइंटला समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर त्याच दशकांत उंच इमारती उठत होत्या. एका हातानें गर्दी पलीकडे लोटावयाची आणि दुसऱ्या हातानें ती ओढून घ्यावयाची, असा हा प्रकार होता. १९८० नंतर कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार वाशीकडे हलला खरा. पण कचेऱ्यांतील कारकून जागचा हलला नाहीं.

पेंच सुटला तो पैशाच्या वांटणीनें. रूळ येतांच भोंवतालच्या जमिनीची किंमत चढते, आणि तो लाभ जमीन विकणाऱ्याच्या पदरीं पडतो. रेल्वेला मिळतें तें केवळ तिकीट. तेव्हां लाभ ज्याचा त्यानेंच खर्चाचा मोठा वांटा उचलावा हें न्याय्य ठरतें. सिडकोनें खर्चाचे दोन-तृतीयांश पत्करले, रेल्वेनें एक-तृतीयांश, आणि ९ मे १९९२ रोजीं मानखुर्दहून वाशीस लोकल पोंचली. बर्वे गटाच्या शिफारशीनंतर हें ३३ वर्षांनीं घडलें.

या हिशेबांत एक पक्ष मात्र बराच काळ धरलाच गेला नव्हता. ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हें नगर उभें राहिलें, त्या गांवकऱ्यांनीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लढा दिला. जानेवारी १९८४ मध्यें उरण भागांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें तत्त्व मान्य झालें.

आतां या प्रदेशांत ९ महापालिका आहेत. सर्वांचा मेळ घालण्यासाठीं १९७५ सालीं प्रदेश विकास प्राधिकरण निघालें. लोकलच्या सुधारणेसाठीं १९९९ सालीं रेल्वे व राज्य यांचें ५१ आणि ४९ टक्के भागीचें महामंडळ निघालें. जानेवारी २०२४ मध्यें शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला. त्यावर रूळ नाहींत. दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव आहे.