वेबसाइट कोण सांभाळणार? फ्रीलान्सर, पगारी माणूस की स्वयंसेवक?

छोट्या संस्थांची टेक्निकल कामं मी बघते. तिथे एक प्रश्न हमखास येतो, "फुकटात करणारं कुणी आहे का?" मी त्यांना उलट दोन प्रश्न विचारते. हे काम कधी संपणार आहे? आणि मध्येच थांबलं, तर कुणाचं अडेल?

समजा, तुमची संस्था गावात वाचनालय चालवते.

पहिलं काम, नवी वेबसाइट. हे सुरू होतं आणि संपतं. इथे फ्रीलान्सर बरा. काय हवं, कधी हवं, कुठल्या टप्प्याला किती पैसे, हे आधीच लिहून घ्या. नंतरच्या दुरुस्त्यांचे पैसेही बाजूला ठेवा.

दुसरं, देणगीदारांची माहिती, पावत्या, बॅकअप. हे रोजचं. इथे पगारी माणूसच हवा. पूर्ण वेळ परवडत नसेल, तर आठवड्यातले दोन दिवस ठेवा. किंवा ऑफिसातल्याच कुणाला शिकवा. पण मग ते काम त्याच्या पगारातही धरा ना!

तिसरं, पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये भरणं, ॲप वापरून चुका शोधणं. इथे स्वयंसेवक कमाल करतात. परीक्षा आली आणि पोरगं महिनाभर गायब झालं, तरी काही अडत नाही. देणगीचं पान मात्र त्याच्या एकट्याच्या जिवावर सोडू नका. रात्री अकराला ते बंद पडलं, तर त्याला उठवायचा हक्क आपल्याला नाही.

आता कायद्याचं बघा. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७. कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, संस्थेचा. फ्रीलान्सरने किंवा स्वयंसेवकाने लिहिलेला कोड मात्र सहसा त्याचाच राहतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप आपला होत नाही. हक्क लेखी घ्यावे लागतात. त्यात मुदत लिहायला विसरलात, तर कलम १९ नुसार ते पाचच वर्षांचे धरले जातात.

आणि माणूस कुठलाही निवडा, डोमेन, होस्टिंग, ईमेल संस्थेच्याच नावावर हवं. माणसं येतात-जातात, किल्ल्या घरातच राहायला हव्यात.

तर आज एवढंच करा. तुमच्या संस्थेच्या डोमेनचा ओटीपी नेमका कुणाच्या फोनवर जातो, ते विचारा. भेटू पुढच्या भागात!