नवखे मूल आणि फुटबॉलचे मैदान



दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या मुलखात उतरतात. माणसांबरोबर भांडीकुंडी येतात, बैल येतात आणि पोरेही येतात. त्यांतले एखादे मूल तुमच्या शाळेच्या दाराशी उभे राहते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वर्ष अर्धे सरले असले तरी त्याला प्रवेश नाकारता येत नाही. नाव पटावर चढते. पण पटावर आलेले मूल वर्गाचे झाले का? त्याची बोली वेगळी, कपडे वेगळे, शेजारी कोणी बसत नाही. अशी पोरे चार दिवस येतात आणि पाचव्या दिवशी फडावर दिसतात. तेव्हा परक्या मुलाला आपलेसे कसे करावे, हा प्रश्न आपल्या अंगणातलाच आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर दूरदेशी फुटबॉलच्या मैदानावर सापडले. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराजवळ क्लार्कस्टन नावाचे लहानसे गाव आहे. १९९० नंतरच्या काळात लढायांना कंटाळून देशोधडीला लागलेली कुटुंबे तेथे वसवण्यात आली. कोणी बोस्नियाचे, कोणी सुदानचे, कोणी सोमालियाचे, कोणी अफगाणिस्तानचे. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना आणि गावाची भाषा कोणालाच धड येईना. जॉर्डनहून आलेल्या लुमा मुफलेह या बाई एकदा रस्ता चुकून तिथल्या वस्तीत शिरल्या, तर पोरे अनवाणी पायांनी, फाटक्या चेंडूने, दगडांचे गोल मांडून खेळत होती. २००४ साली त्यांनी या पोरांचा संघ बांधला. ‘रेफ्युजी’ म्हणजे निर्वासित, या शब्दावरूनच संघाचे नाव पडले ‘फ्यूजीज’.

आता बाईंनी काय केले ते बघा. नुसता चेंडू देऊन त्या घरी गेल्या नाहीत. खेळायचे असेल तर अभ्यासालाही बसायचे, वेळेवर यायचे, नीट वागायचे, असा करारच त्यांनी मुलांकडून करून घेतला. गावातल्या काही जुन्या रहिवाशांना हे नवे लोक रुचले नाहीत. सार्वजनिक मैदानावर फुटबॉल खेळू द्यावा की नाही, यावरून तंटाही झाला. तरी संघ टिकला, आणि २००७ साली त्यातूनच या मुलांसाठी एक शाळा उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, त्यासाठी फुटबॉलच कशाला? कबड्डी आहे, खोखो आहे. तेही चालतील, जरूर चालतील. पण फुटबॉलची एक सोय आहे. पोराला बोलता आले नाही तरी चेंडू कोणाकडे द्यायचा हे पायाला कळते. हात वर केला की ‘मला दे’ हे साऱ्यांना समजते. नियम थोडे आणि सामान एका चेंडूचे. शिवाय एकट्याने जिंकता येत नाही. चेंडू द्यावा लागतो, आणि ज्याला आपण चेंडू देतो तो आपला भिडू होतो. ‘भिडू’ हा आपला किती छान शब्द आहे! त्यात जात, गाव, बोली कोणी विचारत नाही.

मात्र खेळाने सगळे साधते, असे समजू नका. इराकमध्ये २०१४ साली अतिरेक्यांनी हुसकलेल्या ख्रिस्ती लोकांत सल्मा मूसा या संशोधिकेने फुटबॉलचे सामने भरवले. काही संघ केवळ ख्रिस्ती खेळाडूंचे ठेवले, तर काहींत मुसलमान खेळाडू मिसळले. त्याचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू पुढच्या हंगामातही मिश्र संघात खेळायला अधिक राजी झाले, आणि सहा महिन्यांनंतरही मुसलमान खेळाडूंबरोबर सराव करताना अधिक आढळले. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांशी त्यांची वागणूक मात्र फारशी बदलली नाही. म्हणजे मैदानावरची मैत्री खरी असते, पण ती आपोआप गावभर पसरत नाही. ती पुढे न्यायला मोठी माणसे लागतात.

म्हणून गुरुजी आणि बाई, चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, मुलांना स्वतः गडी निवडू देऊ नका. तसे केले की नवखे पोर हटकून शेवटी उरते, आणि ते उरणे त्याच्या मनात घर करते. संघ तुम्ही पाडा आणि दर आठवड्याला बदला. नव्या पोरांचा वेगळा संघ तर मुळीच करू नका. दुसरी, त्याला कायमचा ‘कच्चा लिंबू’ ठेवू नका. दया दाखवून खेळात घेतलेल्या मुलाला आपली गणती होत नाही, हे बरोबर समजते. त्याची चूक ती चूक धरा आणि त्याचा गोल तो गोल धरा. तिसरी, मुलींना मैदानात आणा. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून कडेला उभी राहणारी मुलगी आधी दिसली पाहिजे, मग तिची सोय लावता येते. चौथी, खेळातला भिडू वर्गात शेजारी बसवा. गणिताला, वाचनाला तीच जोडी ठेवा, म्हणजे मैदानावरची ओळख पाटीपर्यंत पोहोचेल.

आणि गावकरी मंडळींना एवढेच सांगणे की, शाळेच्या मैदानावर ढोरे बांधू नका. संध्याकाळी तासभर ते पोरांना मोकळे द्या. टोळीतल्या मुलाला कोणी आडनावाने वा गावाने हिणवत असेल, तर तिथल्या तिथे टोका. हंगाम संपला की ते मूल निघून जाईल, हे खरे. पण दिवाळीनंतर टोळी पुन्हा आली, तर त्याने आपण होऊन शाळेची वाट धरावी, इतकी ओढ आपण त्याला लावू शकतो. त्यासाठी खर्च लागतो तो एका चेंडूचा, आणि थोड्या लक्षाचा.