लॅपटॉप घेताय? आधी काम ठरवा, मग पैसे मोजा

बारावीचे निकाल लागले, कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की घराघरांत एक प्रश्न हमखास येतो : लॅपटॉप कोणता घ्यायचा? आपल्यापैकी अनेकांच्या घरातला हा पहिलाच लॅपटॉप असतो. त्यासाठी कुणाच्या आईने भिशीचे पैसे उचललेले असतात, कुणी शिष्यवृत्तीची रक्कम बाजूला ठेवलेली असते, तर कुणी वर्षभराचे हप्ते डोक्यावर घेणार असतो. घरात आधी कुणी लॅपटॉप घेतलेला नसल्याने विचारायचे कुणाला, हेही कळत नाही. मग दुकानदार सांगेल तेच खरे धरून व्यवहार होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एका मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. घरच्यांनी ३८ हजारांचा लॅपटॉप घेऊन दिला. "१ टीबी आहे, आयुष्यभर पुरेल," असे दुकानात सांगितले गेले. प्रत्यक्षात रॅम होती ४ जीबी आणि आत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. लॅपटॉप सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटे लागायची. दुसऱ्या सेमिस्टरपासून तो मित्राच्या लॅपटॉपवर असाइनमेंट करू लागला. पुढे कुणीतरी सुचवले म्हणून एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली आणि तोच लॅपटॉप नीट चालू लागला. पैसे कमी पडले नव्हते, ते चुकीच्या गोष्टीवर गेले होते. तसे होऊ नये म्हणून हा लेख.

तुमचे काम कोणते?

कंपनी आणि रंग नंतर बघा. पुढची चार वर्षे या लॅपटॉपवर काय करणार आहात, हे आधी एका कागदावर लिहा.

नोट्स, ऑनलाइन तास, वर्ड, एक्सेल, मराठी टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, माहिती अधिकाराचे अर्ज, निवेदने, बातम्या लिहिणे : या कामांना साधा लॅपटॉप पुरतो. कॉमर्सचे विद्यार्थी टॅली शिकणार असतील तर विंडोजच लागेल. स्वस्त दिसतात म्हणून क्रोमबुक घेऊ नका, त्यावर विंडोजची सॉफ्टवेअर थेट चालत नाहीत.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, बीसीए, बीसीएस करणाऱ्यांनी १६ जीबी रॅम धरूनच चालावे. अँड्रॉइड स्टुडिओसारखे सॉफ्टवेअर ८ जीबीवर रखडते. सिव्हिल, मेकॅनिकल, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी आधी सीनियरना विचारावे की कोणती सॉफ्टवेअर वापरावी लागतात. रेव्हिट आणि सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतात आणि मोठ्या ड्रॉइंगसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेले बरे. मॅकबुक उत्तम असले तरी या मुलांना ते अडचणीचे ठरते.

कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करणारे, यूट्यूब चॅनेल चालवणारे कार्यकर्ते असतील तर १६ जीबी रॅम, चांगला प्रोसेसर आणि रंग नीट दाखवणारा स्क्रीन हवा.

आणि एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा : लॅपटॉप खरेच लागतो का? फक्त स्पर्धा परीक्षेची लेक्चर पाहायची असतील तर मोबाइल किंवा टॅबवर काम भागते. ते पैसे पुस्तके आणि टेस्ट सिरीजला वापरता येतील.

चार गोष्टी पाहा

रॅम : कामाच्या टेबलाचा आकार म्हणजे रॅम. टेबल मोठे असेल तर एकाच वेळी जास्त कागद पसरता येतात. आज ८ जीबीच्या खाली जाऊ नका, जमले तर १६ घ्या. सोबत हेही विचारा की रॅम पुढे वाढवता येते का. काही लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि जास्तीचा स्लॉट नसतो. मग ८ जीबी ती कायमची ८ जीबी.

स्टोरेज : एसएसडीच हवी, शक्यतो एनव्हीएमई प्रकारची. ५१२ जीबी बहुतेकांना पुरते. विंडोजमध्ये ती साधारण ४७६ जीबी दिसते. ही फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबीचे ईएमएमसी स्टोरेज असते. ते संथ असते, लवकर भरते आणि बदलता येत नाही.

प्रोसेसर : सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, त्यावर पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

स्क्रीन आणि बॅटरी : रिझोल्यूशन फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० हवे. आयपीएस पॅनेल असेल तर बाजूने पाहिल्यावर रंग उडत नाहीत. रोज लोकल, एसटी किंवा बसने प्रवास असेल तर १४ इंची आणि दीड किलोच्या आसपासचा लॅपटॉप सोयीचा. घरीच ठेवणार असाल तर १५.६ इंची चालेल. बॅटरी किती तास चालते या दाव्यापेक्षा ती किती वॅट-अवरची आहे ते पाहा. गावाकडे लोडशेडिंग असेल तर ५० वॅट-अवरच्या पुढची बॅटरी घेतलेली बरी.

नावांचे जाळे

"आय५ आहे, आय३ पेक्षा चांगलाच," हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येते. ते नेहमी खरे नसते. इंटेलच्या नावात पिढी दडलेली असते. आय५-८२५०यू हा आठव्या पिढीचा, तर आय३-१२१५यू हा बाराव्या पिढीचा. नवा आय३ जुन्या आय५ला सहज मागे टाकतो. शेवटचे अक्षरही बघा : यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा पण बॅटरी लवकर संपवणारा. २०२३ मध्ये इंटेलने नावातले 'आय' काढण्याचे जाहीर केले, म्हणून आता कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नावे दिसतात.

एएमडीच्या रायझेनमध्येही सापळा आहे. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू ही नावे जुळ्या भावांसारखी. पण पहिल्यात ४ कोअर आहेत, दुसऱ्यात ६. ७०००च्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना किती नवी आहे ते सांगतो. पहिल्यात तो २ आहे, दुसऱ्यात ३. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेलीच येते.

म्हणून 'आय५' किंवा 'रायझेन ५' एवढ्यावर थांबू नका. पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, घरी येऊन इंटरनेटवर तपासा आणि मगच होकार द्या. नंबर सांगायला टाळाटाळ करणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

बजेटप्रमाणे काय मिळते?

किमती सतत बदलतात, त्यामुळे पुढचे आकडे ढोबळ समजा.

२५ हजारांच्या आत : नवा लॅपटॉप शक्यतो टाळा. या किमतीत सेलेरॉनसारखे कमकुवत प्रोसेसर आणि कमी रॅम मिळते. त्याऐवजी रिफर्बिश्ड पाहा.

३५ ते ४५ हजार : बाराव्या किंवा नंतरच्या पिढीचा आय३ किंवा त्या तोडीचा रायझेन, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. रॅम वाढवण्याची सोय असेल तर बहुतेक विद्यार्थ्यांसाठी हा गट योग्य.

५० ते ६५ हजार : आय५ किंवा रायझेन ५, १६ जीबी रॅम. कोडिंग आणि हलक्या व्हिडिओ एडिटिंगसाठी.

त्यापुढे : वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेले लॅपटॉप. काम नसेल तर इकडे जाऊ नका. ते जड असतात, तापतात आणि चार्जरशिवाय फार वेळ चालत नाहीत.

रिफर्बिश्ड घेताना

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप काढून टाकतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक हे ऑफिससाठी बनवलेले मजबूत लॅपटॉप असतात. २० ते २५ हजारांत यातला चांगला तुकडा मिळू शकतो. पण काळजी घ्यावी लागते.

पहिली गोष्ट, पिढी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलची किमान आठवी पिढी लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप बाजारात स्वस्तात खपवले जातात. लिनक्स वापरणार असाल तर ते चालतील, नाहीतर घेऊ नका.

दुसरी गोष्ट, तपासणी. सर्व बटणे दाबून बघा. बिजागरी ढिली आहे का, कॅमेरा, माइक, वायफाय, सर्व पोर्ट चालतात का, ते पाहा. विक्रेत्याला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे येतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. बायोसला पासवर्ड किंवा जुन्या कंपनीचे लॉक नाही ना, हेही बघा.

तिसरी गोष्ट, बिल. सीरियल नंबर लिहिलेले पक्के बिल आणि किमान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी नसेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. चोरीचा निघाला तर तुमच्याच गळ्यात येईल.

न दिसणारे खर्च

'डॉस' लिहिलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोज नसते, त्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. लॅपटॉपसोबत एमएस ऑफिस मिळत असेल तर ते ठरलेल्या मुदतीत ऍक्टिव्हेट करा. नसेल तर लिब्रे ऑफिस मोफत आहे. पेन ड्राइव्हवरून 'क्रॅक' टाकून घेऊ नका, त्यासोबत व्हायरस येतो आणि वर्षभराचा प्रोजेक्ट जातो. मराठीसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. विंडोजच्या सेटिंगमध्येच इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड मिळतो.

'नो कॉस्ट ईएमआय' हा पूर्ण मोफत नसतो. बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याकडून घेतला जातो. एकूण किती रुपये जाणार, ते आधी लिहून घ्या. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर बँकेत आधीच विचारा. अभ्यासक्रमासाठी आवश्यक संगणकाचा खर्च त्या कर्जात धरता येतो, फक्त कोटेशन अर्जासोबत जोडावे लागते.

पैसे देण्याआधी

ऑनलाइन मागवला असेल तर खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. दुकानात घेत असाल तर खोके तुमच्यासमोर उघडायला लावा. खोक्यावरचा आणि लॅपटॉपखालचा सीरियल नंबर जुळतो का पाहा. लॅपटॉप सुरू करून सेटिंगमध्ये प्रोसेसर, रॅम, स्टोरेज ठरल्याप्रमाणे आहे का, ते स्वतः वाचा. त्यानंतरच पैसे द्या.

एकट्याने जाऊ नका. कॉलेजातला सीनियर, वस्तीतला कुणी जाणकार सोबत घ्या. ज्यांच्याकडे आज लॅपटॉप आहे त्यांनीही एक करावे : विहारातल्या अभ्यासिकेत, वसतिगृहात एक दिवस ठरवून नव्या मुलांना ही माहिती द्यावी, त्यांच्यासोबत दुकानात जावे. जवळ पैसे नसतील तर तीन-चार मित्रांनी मिळून अभ्यासिकेसाठी एक रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला तरी अनेकांची कामे होतात. फॉर्म भरणे, टायपिंगचा सराव, बायोडाटा बनवणे यासाठी सायबर कॅफेत दर वेळी जाणारे पैसे वाचतात.

घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे आहेत. ते खर्च करण्याआधी दोन दिवस माहिती काढण्यात गेले तरी काही बिघडत नाही.