वळवाचा पाऊस व शाळेची नोंदवही

खानदेशात वळवाचा पाऊस एका शिवाराला झोडपून काढतो आणि शेजारच्या शिवारात नुसती धूळ उडते, हा प्रत्येक शिक्षकाच्या अनुभवाचा विषय आहे. मृगानंतरचा मोसमी पाऊस सबंध जिल्हा व्यापणारा असतो. वळवाच्या एकेका ढगाचा पसारा मात्र पाच-दहा किलोमीटरांचा आणि आयुष्य घटका-दोन घटकांचे. त्यामुळे त्याची व वेधशाळेची गाठ क्वचितच पडते. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले; आज उपग्रह व रडार यांच्या साहाय्याने ते ढगांवर नजर ठेवते, आणि आपल्या राज्यात महसूल मंडळांतून स्वयंचलित हवामान केंद्रेही बसविण्यात आली आहेत. तथापि एका मंडळात गावे अनेक, आणि दोन केंद्रांच्या मधून एखादे वादळ सहज निसटून जाते. रावेर-यावलकडील केळीची उभी बाग ज्या पंधरा मिनिटांत आडवी होते, ती पंधरा मिनिटे अचूक टिपू शकेल असा मनुष्य त्या गावातच असतो. तो शाळेतील विद्यार्थी असावा, अशी या लेखामागील अपेक्षा आहे.

वळीव का येतो, हे प्रथम पाहू. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मधून वाहणारी तापी, अशी आपल्या प्रदेशाची ठेवण आहे. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापते, हलकी होते व वर चढू लागते. परंतु केवळ उष्णतेने पाऊस पडत नाही. तसे असते तर मे महिन्यात रोजच पडला असता. पश्चिमेचा वारा कोरडा असेल तोवर वर चढलेली हवा रिकाम्या हाताने चढते. अरबी समुद्राकडून अथवा बंगालच्या उपसागराकडून बाष्प आले आणि वरच्या थरांत हवा पुरेशी थंड असली, म्हणजे चित्र पालटते. “आज अंगाची तलखी होते, पाणी येणार,” असे वडीलधारी माणसे म्हणतात, त्यात तथ्य आहे. हवेत बाष्प वाढले की घाम सुकत नाही, आणि तेच बाष्प ढगाचे खाद्य असते.

अशा दिवशी दुपारी दोननंतर मुलांना क्षितिज पाहावयास सांगावे. फुलकोबीच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग दिसतील. त्यांतील एखादा उंच वाढू लागतो; त्याची उंची बारा-पंधरा किलोमीटरांपर्यंत जाऊ शकते. पुढे त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा होऊन एका अंगास पसरतो. माथा चपटा झाला की ढग पक्व झाला असे समजावे. मग पावसाबरोबर थंड हवा ढगातून खाली कोसळते व जमिनीवर आपटून चहूकडे धावते. पावसाच्या आधी येणारे, पत्रे उडविणारे, धुळीचे लोट उठविणारे जे वावधन, ते हेच. गारा अशाच ढगात तयार होतात. पाण्याचे थेंब वरच्या थंडीत गोठतात, आणि वर चढणाऱ्या हवेच्या जोराने बराच वेळ तोलून धरले गेल्यामुळे त्यांवर बर्फाची पुटे चढत राहतात. वादळ सरल्यावर मोठी गार मिळाल्यास मधोमध कापून दाखवावी. कांद्यासारखी वलये दिसतात. हा पाठ चित्रावरून शिकविण्यापेक्षा गारेवरूनच शिकवावा.

नोंदीस साहित्य फारसे लागत नाही. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा किंवा काचेचे भांडे व एक मोजपट्टी, एवढ्यावर पर्जन्यमापक तयार होतो. तो भिंत किंवा झाड यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, मोकळ्या जागी पक्का बसवावा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आपणही त्याच वेळी पाणी मोजून भांडे रिकामे करावे, म्हणजे आपले आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाल्यास खाते त्यास जोरदार पाऊस म्हणते, आणि २०४.५ च्या पुढे अतिशय जोरदार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. यावरून दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद छपरावर वीस मिलिमीटर पाऊस पडल्यास किती पाणी, हे पाचवीच्या मुलाने तोंडी सांगावे: बाराशे लिटर. गणिताच्या पुस्तकातील हौदापेक्षा हे उदाहरण मुलांस अधिक खरे वाटते.

आकड्याइतकीच महत्त्वाची नोंद दिशेची व वेळेची. ढग प्रथम कोणत्या डोंगराच्या अंगास दिसला, वारा केव्हा सुटला, पहिला थेंब केव्हा पडला, गारा हरभऱ्याएवढ्या की लिंबाएवढ्या, हे लिहावे. पाच-सहा गावांच्या शाळांनी एकाच दिवसाच्या नोंदी केंद्र संमेलनात एकत्र मांडल्या तर वादळाचा मार्ग नकाशावर रेषेने काढता येतो. आखाजीला घागरीखालच्या ढेकळांवरून पावसाचे महिने वर्तविण्याची चाल आपल्याकडे आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी तर सर्वश्रुत आहे. या चालीची थट्टा करू नये. भाकीत वहीत लिहून ठेवावे व आश्विनात आपल्या मापाशी ताडून पाहावे; निकाल मुलेच काढतील.

पाऊस कोठे पडला हे कळणे किती निकडीचे असते, याचे उदाहरण चाळीसगावचे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड घाटाकडील डोंगरांत अतिवृष्टी झाली, घाटात दरडी कोसळल्या आणि डोंगरी व तितूर या नद्यांना आलेला पूर चाळीसगाव शहरात व परिसरातील गावांत शिरला. तो पाऊस वळवाचा नव्हे, भर पावसाळ्यातला. परंतु पूर गावातील पावसाने नव्हे तर वरच्या डोंगरातील पावसाने येतो, हे त्यावरून ध्यानी यावे. नाला ओलांडून शाळेत येणारी मुले असतील तेथे डोंगराकडील काळोखी पाहणे हे शिक्षकाचे नित्याचे काम आहे.

आता विजेविषयी. आपल्या देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे वीज पडून मृत्युमुखी पडतात; त्यांत शेतात काम करणारी व गुरे राखणारी माणसे पुष्कळ असतात. शाळा जूनच्या मध्यास उघडते, तेव्हा कडकडाटी पावसाचे दिवस सरलेले नसतात. ढग भरून आला की “लवकर घरी जा” म्हणून शाळा सोडून देण्याची प्रवृत्ती दिसते. माझ्या मते हा निर्णय सर्वांत धोक्याचा. घरी पोहोचण्यापूर्वीच मुले बांधावर किंवा निंबाखाली गाठली जातात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत व त्यांस तिनाने भागावे. तितके किलोमीटर वीज दूर. ही संख्या तीस सेकंदांहून कमी झाली, म्हणजे वादळ दहा किलोमीटरांच्या आत आले. मुलांना पक्क्या खोलीत घ्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटेपर्यंत सोडू नये. ओसरी किंवा उघडी पत्र्याची शेड हा आसरा नव्हे. खिडकीचे गज, नळ व विजेची उपकरणे यांपासून मुलांना दूर बसवावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप भ्रमणध्वनीवर ठेवल्यास भोवतालच्या विजांची सूचना मिळते. परंतु तेवढ्यासाठी सेकंद मोजणे सोडू नये.

वाटेत गाठले गेल्यास झाडाखाली जाऊ नये, आडवे पडू नये. एकमेकांपासून अंतर राखून, पाय जुळवून, उकिडवे बसावे. पायाळू मुलावर वीज पडते, ही समजूत निराधार आहे. अशा मुलास इतरांनी टाळल्याचे आढळल्यास वर्गातच तिचे निरसन करावे. वीज लागलेल्या माणसास शिवू नये, ही समजूत तर जीव घेणारी आहे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. त्यास तत्काळ सुरक्षित जागी न्यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि श्वास व नाडी थांबली असल्यास छातीवर दाब देण्यास आरंभ करावा. थांबलेले हृदय अशा वेळी पुन्हा सुरू होऊ शकते.

राहिला प्रश्न मे महिन्याच्या सुट्टीचा. वळवाचा खरा हंगाम नेमका तेव्हाच असतो, आणि पुष्कळ शिक्षक गावी नसतात. सुट्टी लागण्यापूर्वी वही, डबा व मोजपट्टी गावातच राहणाऱ्या वरच्या वर्गातील दोघा विद्यार्थ्यांकडे त्यांच्या पालकांच्या माहितीने सोपवावी. मापन सकाळी साडेआठला, आभाळ मोकळे असेल तेव्हाच करावे, ही सूचना वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहावी.