आधी शंका, मग नायट्रोजन

आम्हा बडोदेकर मराठी मंडळींत विज्ञानवादी म्हणवणाऱ्यांची चांगली फळी आहे. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, रिफायनरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. यातल्या बऱ्याच जणांनी देहदानाचे अर्ज भरले आहेत. माझाही भरलेला आहे. पण यांच्यापुढे ‘क्रायोनिक्स’ हा शब्द काढला की हशा ठरलेला. मृत्यूनंतर लगेच देह अतिशीत करून ठेवायचा, पुढे कधी काळी विज्ञानाला जमलं तर तो दुरुस्त करून जागा करता येईल या आशेवर, अशी ही कल्पना. तिच्यावर हसू नका, आधी तपासा, एवढंच मी दोन वर्षं सांगत आलो आहे.

सुरुवातीला मी रॉबर्ट एटिंजरपासून सुरुवात करायचो. अमेरिकेतला हा भौतिकशास्त्राचा शिक्षक. 1964 साली त्याचं अमरत्वाच्या शक्यतेवरचं पुस्तक छापून आलं. 12 जानेवारी 1967 रोजी जेम्स बेडफर्ड या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचा देह गोठवला गेला, तो आजही तसाच ठेवलेला आहे. पण ‘अमरत्व’ म्हटलं की आमचे मित्र थेट च्यवनप्राशावर घसरतात.

मग मी गुरांपासून सुरुवात करू लागलो. आणंद-खेडा भागात गावोगाव कृत्रिम रेतनासाठी जाणारा माणूस मोटारसायकलवर जो कॅन बांधून नेतो, त्यात द्रवरूप नायट्रोजन असतो. तापमान उणे 196 अंश. त्यात वळूचं वीर्य वर्षानुवर्षं टिकतं, कारण इतक्या थंडीत रासायनिक क्रिया जवळपास थांबतात. 1949 साली इंग्लंडमध्ये पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लिसरीन मिसळल्यावर गोठवलेल्या पेशी जगतात हे आढळलं, तिथून ही वाट निघाली. आज माणसाची भ्रूणंही अशी ठेवली जातात, आणि त्यांतून जन्मलेली मुलं शाळा-कॉलेजांत जात आहेत. इथवर कुणीही हसत नाही.

अडचण पुढे आहे. फ्रीजरमध्ये टोमॅटो ठेवून बाहेर काढा, लगदा होतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. म्हणून हल्ली शरीरात अशी द्रावणं सोडतात की पाण्याचा बर्फच होऊ नये, ते काचेसारखं घट्ट व्हावं. 2023 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात उंदरांची मूत्रपिंडं अशा अवस्थेत शंभर दिवसांपर्यंत ठेवली, मग लोहाचे अतिसूक्ष्म कण आणि चुंबकीय क्षेत्र वापरून सगळीकडून एकसारखी तापवली आणि पुन्हा उंदरांत बसवली. ती चालली.

हे ऐकून आमच्यातले एक डॉक्टर घरी गेले, तो शोधनिबंध वाचला आणि चार दिवसांनी फोन केला. म्हणाले, “अहो, उंदराचं मूत्रपिंड शेंगदाण्याएवढं. माणसाएवढा देह एकसारखा तापवणार कसा? तडे जातील!” मला अतिशय आनंद झाला. तडे खरोखरच जातात. आजवर एकही माणूस, किंबहुना एकही अख्खा सस्तन प्राणी, या अवस्थेतून परत आलेला नाही. हे मी आता पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ इथे पैसे संपल्यावर ठेवलेले देह वितळून गेले, तेही सांगतो. विज्ञानाच्या माणसाला आशा विकता येत नाही. त्याला शंका द्यावी, तो आपण होऊन पुढे येतो.

मग खरा प्रश्न मांडता येतो: माणूस मेला म्हणजे नेमकं काय झालं? छाती दाबून थांबलेलं हृदय चालू करण्याची आजची पद्धत 1960 सालची. त्याआधी ज्यांना मृत ठरवलं, त्यांतले काही आज वाचले असते. आठवणी आणि स्वभाव मेंदूच्या रचनेत असतील आणि ती रचना टिकली, तर ‘गेला’ हा निर्णय आजच्या साधनांपुरता आहे. रचना टिकते का, याचा शोध घेता येतो. म्हणूनच हे खुळ असलं तरी तपासण्याजोगं खुळ आहे.

आपल्याकडचं एक उदाहरण मनात सलतं. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी 1978 साली गोठवलेल्या भ्रूणापासून टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आल्याचं सांगितलं. सरकारी समितीने ते धुडकावलं. 1981 साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे डॉ. आनंद कुमार यांनी, ज्यांच्या चमूने 1986 साली मुंबईत असं बाळ जन्माला घातलं होतं, मुखोपाध्यायांची टिपणं वाचून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. अर्थात हसले गेलेले सगळेच बरोबर निघत नाहीत. पण त्या समितीने टिपणं नीट वाचायला हवी होती.

पैशांचं सांगायचं तर मिशिगनमधल्या संस्थेत किमान 28,000 डॉलर लागतात, अ‍ॅरिझोनातल्या ‘अल्कॉर’मध्ये त्याच्या कितीतरी पट. तिकडे बहुतेक जण आयुर्विम्यातून सोय करतात. बडोद्याहून तिथवर देह पोचेपर्यंत जाणारे तास हीच आपल्यासाठी सगळ्यात मोठी अडचण. आणि घरच्यांची संमती. 2016 साली लंडनमध्ये कर्करोगाने आजारी असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला हे हवं होतं. आईची तयारी होती, वडिलांचा विरोध. शेवटी न्यायाधीशांनी निर्णय आईच्या हाती दिला आणि मुलीचा देह अमेरिकेला गेला.

आमच्या घरी वाद झाला नाही. सौ.ने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. देहदानाच्या वेळीही तिने मुकाट्याने सही केली होती. या वेळी चष्मा काढून म्हणाली, “ते सगळं ठीक आहे हो. पण मग मी दिवस घालायचे की नाही? आणि कुंकवाचं काय करायचं?”

देहदानाचा अर्ज अजून कपाटात आहे, दुसरा मी अद्याप मागवलेला नाही.